निवड यादीत नाव आलं, तरी चारित्र्य पडताळणीत गाडी का अडकते?

पोलीस भरतीची निवड यादी लागली की गावोगावी तेच चित्र. चौकात फ्लेक्स, गुलाल, अकॅडमीच्या सरांना फेटा, आईच्या हातात पेढ्यांचा पुडा. पन्नास गुणांचं मैदान आणि शंभर गुणांची लेखी मारून पोरगं वर आलेलं असतं. घरच्यांच्या लेखी लढाई संपलेली असते. मग काही महिन्यांनी त्यातल्याच एखाद्याच्या दारात सरकारी पाकीट येतं: आपण साक्षांकन नमुन्यात माहिती दडवल्याचे दिसून आले असून आपली निवड रद्द का करू नये, याचा लेखी खुलासा करावा.

घर सुन्न होतं. "भांडण तर तेव्हाच मिटलं होतं, कोर्टानंही सोडलं होतं, मग आता हे काय मध्येच?" असं म्हणत बाप तालुक्याच्या वकिलाकडे धावतो. रेल्वे, निमलष्करी दलं, वीज कंपन्या, लोकसेवा आयोगातून निवडलेले अधिकारी, सगळीकडे हा प्रकार घडतो. यादीत वरचा पोरगा बाहेर राहतो आणि प्रतीक्षा यादीतला आत जातो. लोकांना हे पटत नाही, आणि न पटणं स्वाभाविक आहे. मार्क तर त्यानेच जास्त मिळवले होते ना?

पडताळणीत नक्की काय होतं

सरकारी नोकरीसाठी निवड झाली म्हणजे नोकरी लागली असं नाही. निवड आणि नियुक्ती यांच्यामध्ये एक टप्पा असतो. त्याचं सरकारी नाव 'चारित्र्य व पूर्वचारित्र्य पडताळणी'. साध्या भाषेत, तुमच्या नावावर पोलिसांत आणि कोर्टात आजवर काय काय नोंदलं गेलं आहे, ते बघणं.

त्यासाठी जो फॉर्म भरून घेतात तो साक्षांकन नमुना. नाव, वडिलांचं नाव, गेल्या काही वर्षांत कुठे कुठे राहिलात, शिक्षण, आधीची नोकरी असे रकाने भरत भरत उमेदवार एका प्रश्नमालिकेपाशी येतो. तुम्हाला कधी अटक झाली आहे का? तुमच्यावर खटला भरला गेला आहे का? बंधपत्र घेतलं गेलं आहे का? कोर्टाने दंड किंवा शिक्षा केली आहे का? कोणत्या विद्यापीठाने किंवा आयोगाने परीक्षेला बसायची बंदी घातली आहे का? सध्या एखादी केस चालू आहे का? समोर 'होय' किंवा 'नाही'. आणि फॉर्मच्या डोक्यावरच ताकीद छापलेली असते की खोटी माहिती दिली किंवा माहिती लपवली तर अपात्र ठराल.

पुढे हा कागद जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयात आणि तिथून तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात जातो. हवालदार गावात येतो, पोलीस पाटलाला विचारतो, ठाण्यातलं रेकॉर्ड बघतो. पूर्वी एका जिल्ह्यातली केस दुसऱ्या जिल्ह्यात कळायची नाही, त्यामुळे काहींचं खपून जायचं. आता पोलीस ठाणी सीसीटीएनएस नावाच्या संगणक जाळ्याने जोडली आहेत. शिक्षणासाठी पुण्यात असताना झालेली मारामारी बीडच्या पत्त्यावर भरलेल्या फॉर्ममध्ये दडून राहील, ही आशा आता सोडलेली बरी.

गडबड बहुतेक वेळा 'होय-नाही'च्या रकान्यात होते. मित्र म्हणतात, "नाही लिही, कोण बघतंय." सायबर कॅफेवाला तर न विचारताच सगळीकडे 'नाही' टिचकवून मोकळा होतो.

गुण एका बाजूला, हा कागद दुसऱ्या बाजूला

परीक्षा काय तपासते? घटनेचं कोणतं कलम कशाबद्दल आहे हे माहीत आहे का, गणितं वेळेत सुटतात का, सोळाशे मीटर किती मिनिटांत पळतो. हे सगळं तपासायलाच हवं. पण निवड झाल्यावर त्याच माणसाच्या हातात काय येणार आहे ते बघा. रात्री दोन वाजता अपघाताच्या जागी पंचनामा लिहिणारा तो एकटाच असतो. कोणाची गाडी कोणत्या बाजूने आली हे तो लिहील तेच पुढे कोर्टात उभं राहतं. तलाठ्याने पीक नुकसानीच्या यादीत कोणाचं नाव घेतलं आणि कोणाचं गाळलं, हे वरच्या अधिकाऱ्याने शिवारात उतरून बघायचं म्हटलं तरी किती ठिकाणी बघणार? सरकारचा सगळा गाडा अशा एकट्याने लिहिलेल्या कागदांवर चालतो.

साक्षांकन नमुना हा त्या नोकरीतला पहिला कागद. उमेदवाराने स्वतःबद्दल, स्वतःच्या सहीने लिहिलेला, आणि ज्यात खरं लिहिलं तर तोटा होण्याची भीती आहे असा. मला विचाराल तर या प्रकरणाचा गाभा इथेच आहे. ही पडताळणी तुमचा भूतकाळ किती स्वच्छ आहे हे जेवढं बघते, त्याहून जास्त हे बघते की अडचणीचं सत्य लिहायची वेळ आली तेव्हा तुमचा हात कुठे वळला.

सोयरीक जुळवतानाचं उदाहरण घ्या. मुलाचं आधी एक लग्न ठरून मोडलं होतं, हे बोलणीच्या वेळीच सांगितलं तर मुलीकडचे विचार करतात, चार ठिकाणी चौकशी करतात, आणि बऱ्याचदा "होतं असं" म्हणून पुढेही जातात. तेच साखरपुड्यानंतर तिसऱ्याच माणसाकडून कळलं की सोयरीक फिसकटते. ती आधीच्या मोडलेल्या लग्नामुळे फिसकटत नाही. "आणखी काय काय लपवलं असेल?" हा प्रश्न एकदा घरात शिरला की बाहेर निघत नाही.

कोर्टाने काय काय म्हटलं आहे

२००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केंद्रीय विद्यालयाच्या एका शारीरिक शिक्षण शिक्षकाचं प्रकरण आलं. त्याच्यावर मारहाण, शिवीगाळ, धमकी अशा कलमांखाली केस चालू होती आणि फॉर्ममध्ये त्याने 'नाही' लिहिलं होतं. त्याचा बचाव ऐकण्यासारखा आहे: मी हिंदी माध्यमात शिकलो, फॉर्म इंग्रजीत होता, प्रश्न कळला नाही. कोर्टाने त्याच्या पदव्या बघितल्या. बीए, बीएड, एमएड. एवढं शिकलेल्या माणसाला 'तुमच्यावर खटला आहे का' हे कळलं नाही, हे मान्य करायला कोर्टाने नकार दिला. पुढे सरकारने ती केस मागेही घेतली होती, पण त्याचाही उपयोग झाला नाही. मुद्दा केसचा नव्हताच, फॉर्म भरताना काय लिहिलं याचा होता. शिवाय हा माणूस कोवळ्या वयाच्या मुलांसमोर उभा राहणार होता.

२०११ मध्ये मात्र वारं उलट दिशेने वाहिलं. दिल्ली पोलिसांत हेड कॉन्स्टेबल पदासाठी निवड झालेल्या तरुणाने अर्जात केस लिहिली नव्हती. भाडेकरूशी झालेल्या भांडणाची केस, तडजोड होऊन निर्दोष सुटलेला. नंतरच्या साक्षांकन नमुन्यात मात्र त्याने ती स्वतःहून लिहिली. न्यायालयाने भुकेल्या घरच्यांसाठी पाव चोरून जन्मभर चोर ठरलेल्या फ्रेंच कादंबरीतल्या नायकाची आठवण काढली, आणि तरुणपणीच्या किरकोळ चुकांवरून कोणावर कायमचा शिक्का मारू नये असं म्हणत उमेदवाराच्या बाजूने कौल दिला.

दोन वर्षांनी, २०१३ मध्ये, पुन्हा दिल्ली पोलीस. न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांनी लिहिलेल्या निकालात सांगितलं गेलं की तडजोडीमुळे किंवा साक्षीदार फिरल्यामुळे सुटका झाली असेल तर ती 'निष्कलंक' सुटका मानता येत नाही, आणि पोलीस दलाला अशा उमेदवाराला नाकारायचा अधिकार आहे.

असे उलटसुलट निकाल साठत गेले. शेवटी प्रश्न तीन न्यायमूर्तींच्या पीठाकडे गेला आणि २१ जुलै २०१६ ला निकाल आला: अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार. आज अशा कोणत्याही प्रकरणात वकील पहिला हाच निकाल काढतो. त्याचं सार असं. फॉर्ममधली माहिती खरीच हवी. पण ती दडवली म्हणून डोळे मिटून प्रत्येकाला काढायचं नाही. लहान वयात घोषणा दिल्या, असा किरकोळ प्रकार असेल तर नोकरी देणारा दुर्लक्ष करू शकतो. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली असेल आणि ती लपवली असेल तर काढू शकतो. एकाहून अधिक प्रलंबित केसेस जाणूनबुजून लपवल्या तर ते लपवणं हेच काढायला पुरेसं कारण. फॉर्ममधला प्रश्न स्पष्ट हवा. जे विचारलंच नाही ते सांगितलं नाही म्हणून दोष देता येणार नाही. केस दाखल झाल्याचं माणसाला माहीतच नव्हतं, तर त्याला लपवणं म्हणता येणार नाही. आणि नोकरीत कायम झालेल्याला या कारणाने काढायचं तर आधी खातेनिहाय चौकशी हवी.

त्यानंतरही दोन्ही बाजूंचे निकाल येतच आहेत. २०२१ मध्ये राजस्थानच्या वीज पारेषण कंपनीतल्या एका तांत्रिक मदतनिसाने आपल्याला झालेली शिक्षा प्रतिज्ञापत्रात लपवली होती. गुन्हा तसा छोटा, मारहाण आणि वाट अडवण्याचा. हायकोर्टाने त्याला नोकरीत परत घ्यायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं: भांडण किरकोळ होतं की नाही हा प्रश्नच नाही, नोकरीच्या पहिल्या दिवशी खोटं लिहिणाऱ्यावर पुढे भरवसा कसा ठेवायचा हा प्रश्न आहे. उलट मे २०२२ मध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाला न्याय मिळाला. त्याच्यावरची केस गैरसमजातून झाली होती, तो निर्दोष सुटला होता, आणि केवळ माहिती दिली नाही म्हणून पेनच्या एका फटकाऱ्यात काढून टाकणं कोर्टाला पटलं नाही.

"पोरवयात कोणाकडून चूक होत नाही?"

होते, आणि कायद्याला ते मान्य आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चाललं असेल तर त्यामुळे पुढे अपात्रता येत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४ तर असंही सांगतं की निकाली निघालेल्या अशा प्रकरणाची नोंद पोलिसांनी चारित्र्य प्रमाणपत्रासाठी उघड करायची नाही. सोळा ते अठरा वयात अत्यंत गंभीर गुन्हा केला आणि खटला प्रौढासारखा चालला, तर गोष्ट वेगळी.

अठरानंतरच्या चुकांना असं संरक्षण नाही. तिथे वय, गुन्ह्याचं स्वरूप, कोणती नोकरी, किती काळ लोटला हे सगळं बघितलं जातं. मात्र हे बघण्यासाठी आधी ते समोर यावं लागतं. पंचविशीत 'नाही' लिहिणं ही पोरवयातली चूक नाही.

"आंदोलनातल्या केसेस सरकारने मागे घेतल्या ना?"

महाराष्ट्रात हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. मोर्चा, रास्ता रोको, आरक्षणाची आंदोलनं, शेतकऱ्यांचे बंद. एका गुन्ह्यात शंभर-दीडशे नावं आणि त्यात सतरा-अठरा वर्षांची पोरंसुद्धा. सरकार वेळोवेळी अशा केसेस मागे घेण्याचा निर्णय घेतं, बातमी छापून येते आणि पोरं समजतात की विषय संपला.

तो तिथे संपत नाही. खटला मागे घ्यायचा तर सरकारी वकिलाने कोर्टात अर्ज करावा लागतो आणि कोर्टाची संमती लागते. ती मिळेपर्यंत केस चालू आहे असंच धरलं जातं. आणि मिळाल्यानंतरही, फॉर्म 'तुमच्यावर कधी खटला भरला गेला होता का' असं विचारत असेल तर उत्तर 'होय'च. पुढे लिहायचं की अमुक तारखेच्या आदेशाने मागे घेतला. घोषणा दिल्याचं प्रकरण तर २०१६ च्या निकालाने नाव घेऊन किरकोळात टाकलं आहे. म्हणजे जे लिहून बहुधा निभावलं असतं, ते लपवून पोरं अडचणीत येतात. यासारखं दुर्दैव नाही.

चॅप्टर केसचंही, म्हणजे शांतता भंगू नये म्हणून पोलीस आधीच करतात त्या कारवाईचंही, तेच. निवडणूक किंवा गणपती आले की ठाण्यात बोलावून बंधपत्र घेतात, सही करून माणूस घरी येतो आणि विसरून जातो. फॉर्म विसरत नाही.

"खरं सांगूनही काढतातच, मग कशाला सांगायचं?"

हा आक्षेप खोटा नाही. २०१६ चा निकाल स्पष्ट सांगतो की उमेदवाराने सगळं खरं लिहिलं तरी त्याला घ्यायलाच हवं अशी सक्ती नोकरी देणाऱ्यावर करता येत नाही. २०१३ च्या प्रकरणातल्या उमेदवाराने केस लपवलेली नव्हती, तरी तो बाहेर राहिला. सत्य लिहिलं की नोकरी पक्की, असं सांगणारा तुम्हाला फसवतो आहे.

फरक पुढच्या वाटेत आहे. खरं लिहिणाऱ्याला नाकारलं तर तो कोर्टात ताठ मानेने विचारू शकतो की माझं प्रकरण एवढं किरकोळ असताना का नाकारलं, आणि त्याचं उत्तर सरकारला द्यावं लागतं. लपवणाऱ्याला आधी आपण का लपवलं हे सांगावं लागतं. केस किती छोटी होती हे बोलायची वेळ नंतर येते, आली तर. शिवाय खरं लिहिणाऱ्याचा काय तो निकाल नोकरी लागायच्या आधीच लागतो. लपवलेलं पाच-सात वर्षांनी बाहेर आलं तर तोवर लग्न झालेलं असतं, घराचं कर्ज घेतलेलं असतं.

"नेत्यांवर ढीगभर केसेस, त्यांना कोण विचारतं?"

चहाच्या टपरीवर हा प्रश्न हमखास येतो, आणि त्यातला राग रास्त आहे. केस चालू आहे एवढ्यावर शिपाई नाकारला जाऊ शकतो. आमदाराला मात्र केस चालू असताना निवडणूक लढवता येते. साधारणपणे दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली तरच लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ खाली तो अपात्र ठरतो. यामागचा युक्तिवाद असा की विरोधक खोट्या केसेस टाकून कोणालाही रिंगणाबाहेर काढतील, तेव्हा निवड मतदारांवर सोडावी. मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. खोट्या केसेस गरिबाच्या पोरावरही पडतात, त्याच्यासाठी कोणी एवढी काळजी केलेली दिसत नाही.

तरी एक गोष्ट इथेही सारखीच आहे. २००२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून उमेदवाराला आपल्यावरच्या केसेस शपथपत्रात द्याव्या लागतात. तामिळनाडूतल्या एका पंचायत अध्यक्षाने त्या लपवल्या, आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अशी लपवाछपवी हा भ्रष्ट मार्गच आहे, निवडणूक रद्द होऊ शकते. केसेस असणं चाललं, लपवणं चाललं नाही.

फॉर्मवर चारित्र्य मोजता येतं का?

नाही. पोलिसांचं रेकॉर्ड फक्त एवढंच सांगतं की कोणाची तक्रार नोंदली गेली. घरात बायकोला मारणारा, गावात सावकारी करणारा, पण कधी ठाण्याची पायरी न चढलेला माणूस या पडताळणीत शंभर टक्के पास होतो. उलट वस्तीवर चोरी झाली की पहिल्यांदा ज्यांच्या पालावर पोलीस जातात, त्या पारध्याच्या पोराच्या नावावर काही न करताही नोंद असू शकते.

हा धोका आपल्याकडे फार जुना आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि अख्ख्या जमातींचं चारित्र्य जन्मावरून ठरवून टाकलं. सोलापुरात तारेच्या कुंपणात अशा लोकांची वसाहत होती. त्या भागाला आजही लोक सेटलमेंटच म्हणतात. कैकाडी, पारधी, भामटा, कंजारभाट अशा समाजांना हजेरी लावावी लागे. कायदा १९५२ मध्ये गेला, ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून पाळला जातो, पण हवालदाराच्या नजरेतून तो पुरता गेला असं त्या समाजातला कोणी म्हणणार नाही. म्हणून रेकॉर्डवरच्या नोंदीला चारित्र्य समजणं चूक. माणूस, त्याचं वय, प्रकरणाची हकीकत बघूनच ठरवा, हा कोर्टाचा आग्रह इथे कामाला येतो. आणि म्हणूनच मला नोंदीपेक्षा उमेदवाराचं उत्तर जास्त मोलाचं वाटतं. नोंद दुसऱ्याने केलेली असते. उत्तर त्याचं स्वतःचं असतं.

आधीच 'नाही' लिहून बसला असाल तर

पडताळणीचा अहवाल यायच्या आत नियुक्ती देणाऱ्या कार्यालयाला स्वतःहून लेखी कळवा आणि पोच घ्या. २०११ च्या दिल्लीच्या प्रकरणात अर्जात न लिहिलेलं पुढच्या फॉर्ममध्ये स्वतः लिहिलं होतं, हे लक्षात ठेवा. पत्रात रडगाणं नको: गुन्हा क्रमांक, ठाणं, कलमं, कोर्ट, आजची स्थिती, आणि आधी का लिहिलं नाही हे दोन ओळींत, जसं घडलं तसं. नोटीस आली असेल तर मुदतीच्या आत खुलासा द्या, आणि तो सेवाविषयक प्रकरणं बघणाऱ्या वकिलाला दाखवूनच द्या. गावातल्या दिवाणी वकिलाचं हे रोजचं काम नसतं.

फॉर्म अजून भरायचा असेल तर सायबर कॅफेत स्वतः बसून प्रत्येक रकाना वाचा. आपल्या नावावर काही आहे की नाही याची खात्री नसेल तर ठाण्यात विचारा. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतं. केसचा निकाल लागला असेल तर निकालपत्राची प्रमाणित प्रत कोर्टाच्या नक्कल विभागातून काढून ठेवा. जुनं प्रकरण रेकॉर्ड रूममध्ये गेलेलं असलं तर ती हातात पडायला वेळ लागतो, तेव्हा भरतीच्या निकालाची वाट न बघता नकलेचा अर्ज आधीच टाका.